कथेतलं बोलणं आणि गाळणं: उघड्या खर्ड्यापासून कथाकथनापर्यंत

कथेत मौन दोन वाटांनी येतं. एक लेखक विचार करून ठेवतो. दुसरं त्याच्या नकळत शिरतं: भावाच्या रागाला, गावातल्या कुजबुजीला, संपादकाच्या भुवईला घाबरून. छापलेल्या पानावर दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्ही ठिकाणी फक्त एक वाक्य नसतं. लिहिताना मात्र ती वेगळी ओळखता येतात. हा लेख त्या ओळखीसाठी आणि त्यानंतरच्या कामासाठी आहे. दिवाळी अंकासाठी दोन-तीन हजार शब्दांची कथा, एकांकिका किंवा घरातल्या खऱ्या घटनेवरचं काही लिहिणाऱ्यांना तो समोर ठेवून काम करता येईल.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच कल्पित उदाहरण शेवटपर्यंत वापरू. वडील गेल्याला वर्ष झालंय. मोठी बहीण, आक्का, भाऊबीजेला माहेरी येते. ओवाळणी झाल्यावर धाकटा भाऊ शिवा हक्कसोडपत्राचा, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडून दिल्याच्या कागदाचा, विषय काढतो. सोमवारी सगळे तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातात, आक्का सही करते, संध्याकाळच्या एसटीनं सासरी परतते. भांडण होत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळावा म्हणून महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली कायदा बदलला. तरी अशा सह्या आजही होतात आणि त्या दस्तावर ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता’ असं छापलेलं असतं. कागद बोलतो आणि बाई गप्प असते. कथेला याहून चांगला प्रदेश शोधायची गरज नाही.

पहिली पायरी: उघडा खर्डा

पहिल्या खर्ड्यात काहीही गाळायचं नाही. हा नियम कडक पाळावा, कारण जे एकदाही लिहिलं गेलं नाही ते आपण निवडून वगळलं की घाबरून टाळलं, हे नंतर ठरवता येत नाही.

पाऊण तासाच्या तीन ते पाच बैठका काढा. प्रत्येक पात्राच्या मनातलं त्याच्या तोंडून लिहा: आक्काचा राग, शिवाचं कर्ज, त्याच्या बायकोचा हिशेब, वकिलाच्या कारकुनाचा कंटाळा. भाषा सुंदर करू नका. शिवी आली तर शिवी लिहा, जात आली तर जात लिहा, आकडा आला तर आकडा. अडीच हजार शब्दांची कथा हवी असेल तर हा खर्डा पाच हजारांपर्यंत जाऊ द्या. तो तीन हजारांतच संपला, तर बहुतेक वेळा एखादं पात्र बोललेलंच नसतं. आपल्या उदाहरणात ते पात्र शिवा असण्याची शक्यता मोठी. लेखकाची सहानुभूती आक्काकडे असते, म्हणून शिवाला गप्प बसवून खलनायक करणं फार सोपं जातं. त्याच्या बाजूनं किमान एक पान लिहा. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च कुणी केला, विहिरीचं कर्ज कुणाच्या नावावर आहे, हे त्यालाही सांगायचं असतं.

खऱ्या माणसांवरून लिहीत असाल तर या खर्ड्यातही खरी नावं नकोत. ‘क’, ‘ख’ किंवा टोपणनावं वापरा आणि कुणाचं खरं नाव काय याची यादी वेगळ्या कागदावर ठेवा. उघडा खर्डा व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका, जवळच्या मित्रालाही नाही. पुढे कथेतून नऊ गोष्टी काढल्या तरी पाठवलेल्या फाइलमध्ये त्या तशाच राहतात.

दुसरी पायरी: समासात एक शब्द

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. मग छापून घ्या, दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून. पेन्सिल घेऊन वाचत जा आणि जे वाक्य गाळावंसं वाटेल त्याच्यासमोर समासात कारण लिहा. कारण एकाच शब्दात, या पाचांपैकी: कला, दया, कायदा, लाज, भीती.

‘कला’ म्हणजे वाक्य काढलं तरी वाचकाला कळेल आणि न सांगितल्यानं ते जास्त लागेल. ‘दया’ म्हणजे ती गोष्ट दुसऱ्या कुणाची आहे, तिच्यावर आपला हक्क नाही आणि ती आली नाही तर कथेचं काही बिघडत नाही. ‘कायदा’विषयी पुढे येईल. ‘लाज’ म्हणजे लोक आपल्याला, म्हणजे लेखकाला, काय म्हणतील. ‘भीती’ म्हणजे कुणीतरी आपलं काहीतरी करेल.

लाज आणि भीतीची वाक्यं एकदा परत खर्ड्यात घ्यायची. कायमची नाही, एकदा. त्यांच्यासह कथा मोठ्यानं वाचायची. यातली बरीच वाक्यं कथेचा कणा निघतात. आपल्या उदाहरणात असं वाक्य बहुधा हे असेल: ‘सही करताना आक्काला एक क्षण बरंच वाटलं, कारण आता माहेरी येताना कुणाच्या डोळ्यांत भीती दिसणार नव्हती.’ हे लिहायला लाज वाटते. अन्याय झालेली बाई सुटल्यासारखी कशी वाटून घेईल? पण ते खरं आहे आणि ते गाळलं तर आक्का पोस्टरवरची बाई होते.

‘भीती’ लिहिलेल्या वाक्यांसाठी आणखी एक प्रश्न विचारा: हे गाळल्यानं फायदा कुणाचा? सोसणाऱ्याचा असेल तर ते दयेत जाईल. ज्यानं केलं त्याचा असेल तर वाक्य राहिलं पाहिजे. याचं सगळ्यात ठळक उदाहरण जातीचं आहे. ‘खालच्या आळीतला’, ‘त्या वस्तीवरचा’, ‘वेगळ्या समाजाची मुलगी’ अशा शब्दप्रयोगांना अनेक लेखक सूचकता समजतात. पण पाण्याचा पेला वेगळा ठेवला गेला तो आळीमुळे नाही, जातीमुळे. तिथे जात लपवली की पेला वेगळा ठेवणारा सुटतो. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहाच्या नावातच हा फरक आहे. तिथे पात्र आपली जात लपवतं. लेखक ती लपवत नाही, शीर्षकातच लिहितो. पात्राचं मौन आणि लेखकाचं मौन यांत गल्लत होते तिथे कथा खोटी पडते.

शिव्यांचंही थोडक्यात. खर्ड्यात दहा असतील तर छापील कथेत एक-दोन पुरतात, पण ती जागा नेमकी हवी. शिवीच्या जागी फुल्या घालू नयेत. फुल्यांनी शिवी लपत नाही, फक्त लेखक कचरलेला दिसतो. नको असेल तर संवादच असा वळवा की शिवीची गरज उरणार नाही.

तिसरी पायरी: वाक्य काढा, खूण ठेवा

ज्या वाक्यासमोर ‘कला’ लिहिलं ते नुसतं खोडून चालत नाही. त्याच्या जागी खूण लागते. उघड्या खर्ड्यातला हा तुकडा घ्या:

‘शिवानं कागद पुढं केला. आक्काला खूप राग आला. एवढी वर्षं आपण माहेरासाठी झिजलो आणि आज हा आपल्याला परकी करतोय, असं तिच्या मनात आलं. पण भाऊ तुटला तर माहेर तुटेल या भीतीनं ती काही बोलली नाही. तिनं मुकाट्यानं सही केली.’

चूक काही नाही, पण वाचकाला करायला काही उरत नाही. आता हाच प्रसंग असा:

‘इथं, आणि मागच्या पानावर,’ कारकून म्हणाला.
शिवानं पेनाचं टोपण काढून दिलं.
‘माझा चष्मा कुठाय गं?’ आक्कानं मुलीला विचारलं.
‘डोळ्यावरच आहे की, आई.’
आक्कानं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एका ओळीवर बोट थांबलं. ‘राजीखुशीने. हा एकच शब्द असतो होय?’
‘आक्का, तुम्ही सावकाश वाचा,’ शिवा म्हणाला. ‘घाई नाही.’
चाळीस वर्षांत तो पहिल्यांदाच तिला ‘तुम्ही’ म्हणाला होता.

राग, भीती, परकेपणा यांतला एकही शब्द आता नाही. खुणा चार आहेत: टोपण, चष्मा, ‘राजीखुशीने’वर थांबलेलं बोट आणि ‘तुम्ही’. शेवटचं वाक्य मात्र तपासायला हवं. आधीच्या पानांवर शिवा किमान दोनदा आक्काला ‘तू’ म्हणालेला असेल (‘तू जेवलीस का?’, ‘तुला आठवतंय का गं?’), तर ‘तुम्ही’ वाचकाला आपोआप खटकेल आणि ते स्पष्टीकरणाचं वाक्य काढून टाकता येईल. तसं नसेल तर वाक्य ठेवण्यापेक्षा मागे जाऊन ते दोन ‘तू’ पेरा. मौनाची तयारी नेहमी मागच्या पानांवर होते. प्रत्येक महत्त्वाच्या मौनाआधी दोन खुणा आणि त्यानंतर एक, हे माप कामाचं आहे. नंतरची खूण म्हणजे, समजा, एसटीत बसल्यावर आक्का ओवाळणीचं पाकीट उघडते, नोटा मोजते आणि तिकिटाचे पैसे त्यातूनच देते.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात.

खूण फार मोठी होते. सही करताना बाहेर वीज कडाडते, समईची वात विझते, कावळा ओरडतो. निसर्गाला बोलायला लावलं की पात्राच्या गप्प राहण्याची किंमत जाते. खूण त्या जागेतली, त्या कामातली हवी. निबंधक कार्यालयात कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात, अंगठा यंत्रावर दोन-तीनदा टेकवावा लागतो, राबून झिजलेल्या बोटांचे ठसे पटकन उमटत नाहीत. आक्काचा अंगठा तिसऱ्यांदाही उमटत नाही, ही खूण त्याच कार्यालयात मिळते.

दुसरा बिघाड: मौनाचं कोडं होतं. महत्त्वाची माहितीच लपवली जाते. हक्कसोडपत्र म्हणजे काय, जमीन किती, हे वाचकाला कळलं पाहिजे. तथ्य स्पष्ट सांगा आणि भावना गाळा. नवे लेखक बहुतेकदा उलट करतात: भावना भरभरून आणि तथ्य धूसर. ‘तो कागद’, ‘ती गोष्ट’, ‘त्या दिवशी जे घडलं ते’ असे शब्द सापडले तर तिथे सरळ नाव घाला. ‘गट नंबर ११२ मधली एक एकर दहा गुंठे’ या शब्दांनी कथेतलं मौन जराही कमी होत नाही, उलट त्याला वजन येतं.

तिसरा बिघाड टिंबांचा. ‘मला… म्हणजे… तसं नाही…’ असे संवाद पानभर आले की सगळी पात्रं एकसारखी अडखळतात. एका कथेत टिंबांचा वापर तीनच वेळा करायचा असं बंधन घालून घ्या. ‘ती गप्प राहिली’, ‘कुणीच काही बोललं नाही’, ‘शांतता पसरली’ ही वाक्यंही शोधून मोजा. तिन्ही वाक्यं मिळून एकदाच.

मराठीत माणसं कशी गप्प राहतात

हा भाग सगळ्यात मोलाचा आहे, कारण मराठीला न बोलण्याच्या तिच्या स्वतःच्या सवयी आहेत आणि कथाकाराला त्या आयत्या मिळतात.

पहिली सवय कर्ता गाळण्याची. ‘मी मारलं’ असं क्वचितच कुणी म्हणतं. ‘हात उठला’ म्हणतात. ‘तिला तिकडे दिली’, ‘ते होऊन गेलं’, ‘जमीन गेली’, ‘बोलणं झालं होतं’. जमीन कुणी घेतली, बोलणं कुणी कुणाशी केलं, हे वाक्यातूनच नाहीसं होतं. शिवाच्या तोंडी ‘मी तुझा हिस्सा घेतला’ हे वाक्य कधीच येणार नाही. ‘आक्काचं नाव कमी झालं’ येईल. पात्राला असं बोलू द्या, पण निवेदकानं तसं बोलायचं का हे ठरवून घ्या. शिवा म्हणतो ‘नाव कमी झालं’ आणि पुढच्याच ओळीत निवेदक म्हणतो ‘शिवानं सातबारावरून बहिणीचं नाव कमी करून घेतलं’, तर या दोन वाक्यांमधल्या फटीत अख्खी कथा बसते. निवेदकही ‘कमी झालं’च म्हणाला तर तो शिवाच्या बाजूला जाऊन बसला.

दुसरी सवय नाव न घेण्याची. ‘हे’, ‘अहो’, ‘आमच्याकडचे’, ‘बाळूचे वडील’. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई ज्या प्रसंगात ते घेते, तो प्रसंग आपोआप मोठा होतो. लेखकानं त्यावर बोट ठेवण्याचं कारण नाही.

तिसरी, विषय बंद करणारे छोटे शब्द: ‘असू दे’, ‘चालायचंच’, ‘बघू’, ‘तुझं खरं’, ‘जेवून घ्या आधी’. यांत बारीक फरक आहेत. ‘बघू’मध्ये नकार असतो. ‘असू दे’मध्ये हिशेब लक्षात ठेवल्याची नोंद असते. ‘जेवून घ्या आधी’ हे घरातली बाई पुरुषांचं भांडण थांबवायला म्हणते. एकाच पात्राच्या तोंडी यातला एकच शब्द ठेवा, म्हणजे तो त्या पात्राचा होतो.

आणि चौथी, थेट न बोलता भलत्यालाच बोलण्याची. सासूला ऐकू जावं म्हणून मांजराला रागावणं, नवऱ्याला टोमणा मारायला मुलाला बोलणं. याचं सगळ्यात मोठं रूप जात्यावरच्या ओव्यांत आहे. पहाटे घर झोपलेलं असताना बाई जात्याशी बोलते आणि माणसांसमोर जे उच्चारता येत नाही ते गळ्यातून काढते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं ग्रामीण महाराष्ट्रात जमवलेल्या ओव्यांचा आकडा एक लाखाच्या वर आहे. भाऊ, भावजय, माहेरची वाट, चोळीचा खण या विषयांवरच्या ओव्या मोठ्यानं वाचून काढा. तक्रार न करता तक्रार कशी करतात, हे तिथे नीट कळतं.

चौथी पायरी: तीन वाचक, चार प्रश्न

कथा आता अडीच हजारांच्या आसपास आली असेल. ती तीन जणांना वाचायला द्या. एक त्या जगातला (शेतीवाडी असलेल्या घरातला), एक त्याबाहेरचा आणि एक असा जो तुमची भीड ठेवणार नाही. ‘आवडली का?’ विचारू नका. हे चार विचारा: काय घडलं ते दोन वाक्यांत सांगा, आक्काला काय वाटलं, कुठे कंटाळा आला, कुठे लेखक तुमच्या वतीनं बोलतोय असं वाटलं?

तिघांपैकी दोघांना काय घडलं हे सांगता आलं नाही, तर तथ्याचं एखादं वाक्य वाढवा. आक्काला काय वाटलं याची तिघांनी वेगवेगळी पण पटण्यासारखी उत्तरं दिली, तर मौन बरोबर बसलंय. तिघांनी शब्दाला शब्द तेच उत्तर दिलं, तर अजून कुठेतरी जास्त सांगितलं जातंय. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात ज्या ओळी येतील त्या जवळजवळ नेहमी प्रसंगाच्या शेवटी असतात. प्रत्येक प्रसंगाचं शेवटचं वाक्य झाकून वाचून बघा. निम्म्या ठिकाणी त्याची गरज नसते.

पाचवी पायरी: खऱ्या माणसांची परवानगी आणि ओळख

कथा खऱ्या घटनेवर असेल तर छापायला देण्याआधी त्या माणसाशी बोला. अख्खी कथा हातात देण्यापेक्षा संबंधित भाग समोर बसून वाचून दाखवावा. फोनवर हे काम होत नाही. तीन गोष्टी विचारा: यातली कुठली गोष्ट बाहेर जायला नको, तुम्हाला यात कोण ओळखेल, आणि ओळखलं तर तुमचं काय बिघडेल. तिसरा प्रश्न विसरला जातो आणि खरा धोका तिथेच असतो. शहरात बसलेल्या लेखकाला टाळ्या मिळतात. माहेरी पुन्हा जायचं असतं ते आक्काला. होकार मिळाला तर तारीख घालून चार ओळी लिहून घ्या. नकार मिळाला तर तो पाळा. थांबता येतं, प्रसंग पूर्ण बदलता येतो. ‘मी फक्त नाव बदलतो’ असं म्हणून पुढे जाऊ नये.

ओळख नावावरून पटत नाही, तपशिलांच्या जुळणीवरून पटते. कोयनाकाठचं गाव, तीन बहिणी, एक शिक्षिका, भाऊ साखर कारखान्यात: एवढ्यावर पंचक्रोशी ओळखते. म्हणून किमान पाच तपशील बदला: गाव आणि नदी, भावंडांची संख्या, व्यवसाय, साल, आजार किंवा मृत्यूचं कारण. ज्या नात्यावर कथा उभी आहे ते मात्र बदलू नका. बहिणीची मावशी केली, तर ही कथाच उरत नाही. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ घालावी, पण तिच्यावर विसंबू नये. वाचकानं माणूस ओळखला तर ती ओळ कोर्टात वाचवेल असं नाही.

सहावी पायरी: कायदा किती अडवतो

लेखक कायद्याला घाबरतात त्यापेक्षा तो कमी अडवतो, आणि जिथे खरंच अडवतो ती जागा पुष्कळांना माहीत नसते.

राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) नं बोलण्याचं आणि लिहिण्याचं स्वातंत्र्य दिलंय. १९(२) मध्ये त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची कारणं मोजून दिलीत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. ‘कुणाच्या तरी भावना दुखावणं’ असं स्वतंत्र कारण त्या यादीत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावनांबद्दल आहे खरं, पण त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमान सिद्ध व्हावा लागतो.

याच संहितेतली कथाकाराच्या कामाची कलमं तीन. कलम ३५६ बदनामीचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. त्यात मेलेल्या माणसाची बदनामीही येते, जर ती त्याच्या कुटुंबाच्या भावना दुखवण्याच्या इराद्यानं केलेली असेल. आणि फौजदारी खटल्यात गोष्ट खरी असणं एवढंच पुरत नाही. ती सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. कलम ७२ लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्याबद्दल आहे आणि लेखकांनी सगळ्यात जास्त जपायचं ते हेच. नाव बदलूनही तपशिलांवरून ओळख पटत असेल तर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली निपुण सक्सेना खटल्यात स्पष्ट केलंय. वर्तमानपत्रातल्या बातमीवरून कथा लिहिणाऱ्यांनी इथे पाच तपशिलांवर थांबू नये, सगळंच बदलावं. तिसरं कलम २९४, अश्लीलतेचं. त्यात साहित्य आणि कलेसाठी अपवाद आहे.

अश्लीलतेबाबत मराठीतले दोन निकाल माहीत असावेत. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली त्यांना निर्दोष ठरवलं. ही कथा आजच्या तरुण वाचकाला बिघडवेल का, असं कोर्टानं पाहिलं आणि सुटा परिच्छेद न घेता अख्खी कथा विचारात घेतली. उलट, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या खटल्यात २०१५ साली कोर्टानं म्हटलं की सर्वांना आदरणीय असलेल्या ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले तर मोजमाप आणखी कडक होतं. तो निकाल पटो न पटो, इतिहासातली व्यक्ती कथेत आणताना तो लक्षात ठेवावा लागतो.

नाटक-एकांकिकेला आणखी एक दार आहे. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मंडळानं बदल सुचवले तर पान आणि ओळ नमूद करून ते लेखी मागावेत आणि प्रत्येकाला लेखी उत्तर द्यावं. ‘जरा सौम्य करा’ अशी तोंडी सूचना स्वीकारू नये, कारण मग लेखक गरजेपेक्षा जास्त कापतो.

सेन्सॉरच्या नजरेखालून बोलण्याची जुनी युक्ती म्हणजे पुराणकथा. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आलं. नाटकात इंग्रजांचं नाव कुठेच नव्हतं, पण कीचक म्हणजे इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते कळलं आणि १९१० साली बंदी आली. हे रूपक चाललं ते कीचकाची गोष्ट महाभारतातली म्हणूनही पूर्ण उभी राहते म्हणून. आजचा राग घालायला पुराणातलं एखादं नाव उचललं आणि मूळ गोष्ट लंगडी ठेवली, तर ना पुराण उरतं ना राग.

संपादकाची कात्री

कथा स्वीकारली गेली की कळवा: ‘छापण्याआधी अंतिम प्रूफ पाहायचं आहे, काही गाळायचं असल्यास ओळ कळवावी.’ दिवाळी अंकांची छपाई गणपतीनंतर अंगावर येते, त्यामुळे प्रूफ आलं की दोन दिवसांत उत्तर द्या. उशीर झाला तर कात्री त्यांच्या हातात जाते. सुचवलेल्या प्रत्येक कपातीला समासातले तेच पाच शब्द लावा. कारण ‘कला’ असेल तर मोकळ्या मनानं ऐका. चांगला संपादक लेखकाहून लवकर जास्तीचं वाक्य ओळखतो. कारण ‘भीती’ असेल तर ती कोणाची, जाहिरातदाराची की वाचकांची, हे विचारा आणि मग ठरवा. न विचारता आशय बदलला तर स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मधलं कलम ५७ लेखकाच्या बाजूनं आहे: कृतीची मोडतोड करून लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध आणता येत नाही, हक्क विकले असले तरीही.

कथाकथन करताना

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथन महाराष्ट्रभर नेलं, तेव्हापासून मराठी श्रोत्याला ऐकण्याची सवय आहे आणि थांबण्याचीही. कागदावरचं मौन मात्र मंचावर आपोआप येत नाही, ते लिहून घ्यावं लागतं.

संथ वाचनाचा वेग मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास धरा. अडीच हजारांची कथा वीस मिनिटं घेते आणि थांबे धरून बावीस-तेवीस. कागदावर खुणा करा: एक तिरपी रेघ म्हणजे एक श्वास, दोन रेघा म्हणजे मनात ‘एक, दोन’ मोजणं, आणि अख्ख्या कथेत एकाच ठिकाणी तीन रेघा, म्हणजे चार मोजणं. त्या तीन रेघा ‘राजीखुशीने’नंतर. चार मोजणं वाचणाऱ्याला अतिशय लांब वाटतं, हात थरथरतो, पुढची ओळ तोंडाशी येते. म्हणून आधी रेकॉर्ड करून ऐका. ऐकताना ते लांब वाटत नाही. थांबताना कागदाकडे बघा, श्रोत्यांकडे बघितलं की ते प्रतिक्रिया द्यायला लागतात.

चष्म्याच्या ओळीवर लोक हसतील. हसू द्या, हसू ओसरायला लागलं की पुढचं वाक्य घ्या. पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर ‘राजीखुशीने’ची शांतता तिथेच खर्च होते. उघड्या मैदानात ध्वनिक्षेपकाचा प्रतिध्वनी येत असेल तर एक श्वासाचे थांबे दोनचे करा, नाहीतर शब्दावर शब्द चढतो. आणि शेवटचं वाक्य झाल्यावर लगेच ‘धन्यवाद’ म्हणू नका. कागद मिटा, माइकपासून अर्धं पाऊल मागे या आणि पहिली टाळी श्रोत्यांकडून येऊ द्या.